फ्यूज केव्हा उडतो, ते आधी सांगा

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) गिटार अँप्लिफायर दुरुस्तीला घेऊन येणारा माणूस एवढंच सांगतो, "सारखा फ्यूज उडतोय." त्याला लगेच विचारायला हवं, केव्हा उडतो? बटण दाबल्या दाबल्या, स्टँडबाय (व्हॉल्व्हना मोठं व्होल्टेज नंतर जोडणारं बटण) उघडल्यावर, अर्ध्या मिनिटाने, तासाभराने की जोरात वाजवताना? याच्या उत्तरात निम्मं निदान होऊन जातं. ते न विचारता नवा फ्यूज घातला तर तोही उडतो, मग तिसरा उडतो. शेवटी कुणीतरी १ अँपच्या जागी ५ अँपचा बसवतो नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो. घरच्या किटकॅटमध्ये सापडेल ती तार अडकवायची सवय आपल्याकडे हातातच बसलेली आहे. अँप्लिफायरमध्ये तेच केलं की फ्यूजने जायचं सोडून ट्रान्सफॉर्मर जातो.

आधी कोणता फ्यूज गेला ते बघा. मागच्या पट्टीवर असतो तो मेन्सचा. काही अँप्लिफायरमध्ये दुसराही असतो, एचटीचा, म्हणजे हाय टेन्शनचा. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या चारशे-साडेचारशे व्होल्टच्या वाटेवर तो बसवलेला असतो. ब्रिटिश धाटणीच्या ५० वॉटच्या अँप्लिफायरमध्ये हा सहसा ५०० मिलीअँपचा आणि १०० वॉटच्यात १ अँपचा सापडतो. मेन्सचा शाबूत राहून एचटीचा उडाला असेल तर बिघाड एचटीच्या फ्यूजच्या पुढे आहे: आउटपुटचे व्हॉल्व्ह, त्यांचे सॉकेट, बायस (व्हॉल्व्हचा करंट आवरणारं ऋण व्होल्टेज), आउटपुट ट्रान्सफॉर्मर किंवा फिल्टर कपॅसिटर (डीसी सपाट करणारे). उलट झालं असेल तर प्लग, वायर, मेन ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या) लाइनकडे जा. काही सर्किटमध्ये पहिला फिल्टर कपॅसिटर एचटी फ्यूजच्या अलीकडे असतो, त्यामुळे सर्किटचा कागद मिळाला तर तो समोर ठेवलेला बरा.

उडालेला फ्यूज लगेच फेकू नका, काच उजेडात धरून पाहा. आतली तार मध्येच हलकी तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल, तर करंट थोडाच जास्त गेला किंवा फ्यूज रोजच्या धक्क्यांनी थकून गेला. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल आणि तारेचा मागमूस नसेल, तर सरळ शॉर्ट आहे. तिथे दुसरा फ्यूज घालून पाहणं म्हणजे तोही वाया घालवणं.

फ्यूज चुकीचा असल्यामुळे उडत राहतो, असंही पुष्कळदा घडतं. या अँप्लिफायरना स्लो-ब्लो फ्यूज लागतो. त्याच्या टोपीवर टी हे इंग्रजी अक्षर असतं, फास्टवर एफ. चालू करताना थंड हीटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतात, रिकामे फिल्टर कपॅसिटर एकदम भरतात आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभाही क्षणभर झटका घेतो. स्लो-ब्लो हा झटका सोसतो, फास्ट सोसत नाही. दुकानात नुसतं "एक अँपचा काचेचा फ्यूज द्या" म्हटलं की बरेचदा फास्टच हातात पडतो. मापही दोन प्रकारचं असतं, ५ बाय २० मिलिमीटर आणि अमेरिकन धाटणीचं ६.३ बाय ३२ मिलिमीटर. होल्डरमध्ये ढिला बसणारा फ्यूज तापतो आणि विनाकारण जातो. रेटिंग अँप्लिफायरच्या पाठीवर लिहिलेलं असतं, तेच पाळायचं. फक्त एक ध्यानात ठेवा. १२० व्होल्टसाठी लिहिलेल्या आकड्याच्या साधारण निम्मा फ्यूज २३० व्होल्टला लागतो. ट्रान्सफॉर्मर २३० वर जोडून घेतला आणि फ्यूज मात्र जुनाच ठेवला, तर तो संरक्षण देत नाही.

आधी आपली लाइट तपासा

अँप्लिफायर उघडण्याच्या आधी मल्टीमीटर बोर्डाला लावा. कागदावर घरची लाइट २३० व्होल्टची. गावाबाहेरच्या लाइनच्या टोकाला संध्याकाळी पंखे, कूलर, मोटारी चालू असताना ती १८० ला उतरते, आणि रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या की त्याच बोर्डावर २५० च्या वर दिसते. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा असेल आणि बोर्डावर २५० येत असतील, तर आतलं सगळं जवळपास १४ टक्क्यांनी चढतं. ६.३ व्होल्टचा हीटर ७.१ च्या पुढे जातो आणि ४५० ची एचटी ५११ होते. दुपारी घरी बिनतक्रार चालणारा अँप्लिफायर रात्रीच्या कार्यक्रमात फ्यूज उडवतो, त्यामागे कधी कधी एवढंच असतं.

याहून वाईट म्हणजे डीपीवर किंवा मांडवाच्या जोडणीत न्यूट्रल ढिली असणं. तीन फेजवर लोड सारखा नसला तर एका फेजवरच्या बोर्डांना तीनशेच्या वर व्होल्टेज मिळू शकतं. अशा वेळी नुसता अँप्लिफायर नाही, मिक्सर आणि मोबाइलचे चार्जरही जातात. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, वीस-तीस दिसले तर अँप्लिफायरला हात न लावता वायरमनला बोलवा. जनरेटरवर वाजवायचं असेल तर तो लोडसकट चालू असताना मोजा आणि मगच प्लग घाला.

आता अर्थिंगची गोष्ट, जी अनेकांना उलटी वाटते. एका हॉलमध्ये फ्यूज उडतो आणि दुसऱ्यात उडत नाही, तेव्हा पहिल्या हॉलची लाइट खराब असा निष्कर्ष लोक काढतात. पुष्कळदा खरं नेमकं उलट असतं. आत फेजची वायर पत्र्याला टेकलेली असेल, तर चांगलं अर्थिंग असलेल्या जागी करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. ज्या बोर्डाच्या मोठ्या पिनमागे काहीच जोडलेलं नाही, तिथे फ्यूज शांत राहतो आणि पूर्ण फेज गिटारच्या तारांवर येऊन बसते. "तिकडे चाललं होतं की!" या वाक्यावर खूश होऊ नका. आणि तीन पिनच्या प्लगची मोठी पिन कापून हम (स्पीकरमधली घरघर) घालवणाऱ्याला पुन्हा अँप्लिफायर देऊ नका.

अमेरिकेतून किंवा जपानमधून आणलेला अँप्लिफायर असेल तर तो १२० किंवा १०० व्होल्टचा. तो सरळ आपल्या बोर्डाला लावला की ट्रान्सफॉर्मरचा गाभा लोहचुंबकत्वाने भरून जातो आणि फ्यूज तत्क्षणी उडतो. हा फ्यूज उडाला हे नशीबच समजा. त्याला तांब्याच्या तारेचा गुंडाळलेला, वजनदार स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. १०० वॉटच्या अँप्लिफायरला ५०० व्हीएचा घ्यावा. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळतो तो हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर चालत नाही.

सिरीज बोर्ड

पुढची सगळी तपासणी सिरीज बोर्डावर करायची. रेडिओ मेकॅनिककडे आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तो असतोच: एक होल्डर, एक सॉकेट आणि त्यांच्यात फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये अडकवलेला पिवळा, तारेचा बल्ब. एलईडी किंवा सीएफएल इथे उपयोगाचा नाही, कारण तापली की रोध वाढवणारी तारच आपल्याला हवी आहे. १५-२० वॉटच्या अँप्लिफायरला ६० वॉटचा बल्ब, ५० वॉटच्याला १०० चा, आणि १०० वॉटच्याला १०० चे दोन बल्ब पॅरललमध्ये. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट तिथेच अडतो, त्यामुळे एकाच फ्यूजवर दिवसभर तपासता येतं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंदावतो. ती चमक कपॅसिटर भरल्याची असते.

पाठ उघडण्याआधी जिवाचं बघा. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट मिनिटं-मिनिटं टिकून राहतात, ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा) तुटलेला असेल तर त्याहून जास्त वेळ. १० किलोओहम, १० वॉटच्या रेझिस्टरला दोन्हीकडे जाड आवरणाच्या वायरी आणि क्लिप लावून घ्या. आधी चासीला (धातूच्या सांगाड्याला), मग कपॅसिटरच्या प्लसला. दहा सेकंद धरा आणि मीटरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची पद्धत कपॅसिटरलाही वाईट आणि डोळ्यांनाही. चालू मशिनमध्ये मोजताना मीटरचा काळा क्लिप चासीला अडकवून ठेवा, एकाच हाताने मोजा, दुसरा खिशात. पायात चप्पल हवी. हे सगळं ज्याला नवीन आहे त्याने फ्यूज, लाइट आणि व्हॉल्व्ह बदलण्यापर्यंतच थांबावं. आणि कोणतीही चाचणी स्पीकर न जोडता करू नका.

बटण दाबताक्षणी

सगळे व्हॉल्व्ह काढा, कोणता कोणत्या सॉकेटमधला ते पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि सिरीज बोर्डावर लावा. बल्ब जवळजवळ विझला तर ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर बहुतेक शाबूत आहेत. बिघाड व्हॉल्व्हसोबत टेबलावर आला किंवा सॉकेटमध्ये राहिला. बल्ब पेटलेलाच राहिला तर मागे मागे यायचं.

सिलिकॉन डायोड आधी तपासा. मल्टीमीटरच्या डायोड खुणेवर एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवायला हवं, उलट्या बाजूने काहीच नाही. दोन्ही बाजूंनी शून्याच्या आसपास आलं तर तो गेला. १एन४००७ हा डायोड १००० व्होल्टचा. ३५०-०-३५० च्या (मधल्या टोकापासून दोन्हीकडे ३५० व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक बाजूला एकेकच डायोड लावला असेल तर त्याच्यावर उलटं जवळपास ९९० व्होल्ट येतं. म्हणजे लाइट थोडी चढली की संपलं. म्हणून अशा जागी दोन-दोन सिरीजमध्ये लावतात. एक गेलेला सापडला तर चारही बदला, फार तर पंधरा रुपयांचा विषय आहे.

मग पायलट दिवा. हे हास्यास्पद वाटतं, पण त्याच्या होल्डरची पत्री वाकून चासीला टेकली की ६.३ व्होल्टची लाइन शॉर्ट होते आणि मेन फ्यूज जातो. काही अँप्लिफायरमध्ये मेन्सवर धक्के शोषणारा व्हॅरिस्टर असतो, गोल, बहुधा निळ्या बटणासारखा. एकदा जास्त व्होल्टेज खाल्लं की तो शॉर्ट होऊन बसतो. बहुतेकदा तडकलेला दिसतोच.

यात काही नसेल तर ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या सेकंडरी (आत सर्किटकडे जाणाऱ्या) वायरी खुणा करून सोडवा आणि तो एकटा सिरीज बोर्डावर लावा. एकटा असतानाही बल्ब पेटत असेल तर आतले वेढे शॉर्ट झालेत. हे ओहममीटरने सापडत नाही, कारण शेकडो वेढ्यांपैकी दहा शॉर्ट झाले तर रोधात दिसण्यासारखा फरक पडत नाही. वायंडिंग आणि गाभा यांच्यातलं इन्सुलेशन तपासायला ५०० व्होल्टचा मेगर लागतो, तो गल्लीतल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळेल. मेन ट्रान्सफॉर्मर तो गुंडाळूनही देईल, फक्त सगळी व्होल्टेजं, करंट आणि तारांची जाडी लिहून द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र त्याच्याकडे देऊ नका. त्यात प्रायमरी आणि सेकंडरी थराथरांनी एकात एक विणलेल्या असतात आणि आवाज त्यावरच ठरतो. पंपाच्या मोटारीचा हात तिथे कामाला येत नाही.

अर्ध्या मिनिटाने, किंवा स्टँडबाय उघडल्यावर

बहुतेक फ्यूज इथेच जातात, त्यामुळे इथे वेळ द्या.

व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर आधी तो काढून पाहा. जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या पुढचा पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडपर्यंतच असावा, अशी त्याच्या डेटाशीटची अट आहे. कुणीतरी "मोठा टाकला की हम जाईल" म्हणून १०० चा बसवलेला असतो. मग दर वेळी चालू करताना आत ठिणगी पडते आणि महिन्या-दोन महिन्यांत रेक्टिफायर शॉर्ट होतो. नवा रेक्टिफायर आणला तरी तीच गत होते, आणि दोष त्या रेक्टिफायरच्या कंपनीला मिळतो.

आता आउटपुटचे व्हॉल्व्ह. एक-एक घालत सिरीज बोर्डावर पाहा. बल्ब पेटला तर तोच व्हॉल्व्ह दुसऱ्या सॉकेटमध्ये घाला. बिघाड व्हॉल्व्हच्या मागे गेला तर व्हॉल्व्ह खराब, त्याच सॉकेटला चिकटून राहिला तर सॉकेट किंवा त्याच्या मागचं सर्किट. एवढ्या साध्या अदलाबदलीने हजारो रुपयांचे नवे व्हॉल्व्ह विकत घेणं वाचतं. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेली निळी झाक पाहून घाबरू नका, ती नेहमीची. आतल्या पत्र्यांच्या मधे जांभळट धुकं दिसलं तर मात्र आत गॅस आहे. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा झाला असेल तर हवाच शिरली.

सॉकेट तपासताना ईएल३४ किंवा ६एल६ या आउटपुट व्हॉल्व्हची पिन २ आणि पिन ३ यांच्यामधली जागा भिंगाने बघा. पिन ३ वर अ‍ॅनोडचे (करंट गोळा करणाऱ्या पत्र्याचे) शेकडो व्होल्ट, आणि शेजारच्या पिन २ वर हीटर. स्पीकरची वायर सैल असताना जोरात वाजवलं की अ‍ॅनोडवर हजाराच्या पुढे व्होल्टेज उसळतं आणि इथेच ठिणगी मारतं. ठिणगीने प्लास्टिकवर कोळशाची रेघ पडते, आणि कोळशातून वीज वाहते. मग तीच वाट पुन्हा पुन्हा. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरची ओली हवा आणि बारीक धूळ यांचा थर सॉकेटवर बसतो, तो या कामाला मदतच करतो. साध्या धुळीला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश पुरे, कोळशाची रेघ पडली असेल तर सॉकेटच बदलायचा, खरवडून भागत नाही. अशी ठिणगी पडली होती का, याची एक साक्ष मिळते. हीटरच्या लाइनवरून चासीला जाणारे १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर असतील तर ते जळालेले सापडतात. व्हॉल्व्ह शॉर्ट झाला असेल तर स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) रेझिस्टरही मोजा. तो ४७० ओहम किंवा १ किलोओहमचा, ५ वॉटचा असतो आणि गुपचूप तुटलेला निघतो.

मग बायस. आउटपुटचे व्हॉल्व्ह बाहेर ठेवून पिन ५ वर (ग्रिड, म्हणजे करंट आवरणारी जाळी) चासीच्या मानाने डीसी मोजा. फिक्स्ड बायसच्या अँप्लिफायरमध्ये तिथे ऋण ३० ते ऋण ५० च्या आसपास काहीतरी हवं. शून्य दिसलं तर व्हॉल्व्हला लगाम नाही. हीटर तापले की तो सगळा करंट ओढतो, अ‍ॅनोडचा पत्रा लालबुंद होतो आणि फ्यूज जातो. बायसचा डायोड, प्रिसेट (बायस जुळवायचा छोटा फिरता रेझिस्टर) आणि कपॅसिटर तपासा. या कपॅसिटरचं प्लस टोक चासीला असतं. नेहमीच्या सवयीने तो उलटा बसवणारे मेकॅनिक काही कमी नाहीत. नव्याने बसवलेला बायसचा कपॅसिटर फुगलेला दिसला तर आधी त्याची दिशा बघा.

बायस सगळ्या सॉकेटवर सारखा यायला हवा. एका बाजूला ऋण ४० आणि दुसऱ्या बाजूला ऋण ३४ आला तर दुसऱ्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्यातून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय. फेज इन्व्हर्टरकडचे (त्या आधीच्या टप्प्याकडचे) दोन-अडीचशे व्होल्ट त्यातून थेंब थेंब झिरपतात. त्याचं ग्रिडकडचं टोक सोडवून मीटर लावा, धन दिशेला एखादा व्होल्ट जरी दिसला तरी तो टाका आणि ६३० व्होल्टचा नवा घाला.

शेवटी आयडल करंट, म्हणजे काही वाजत नसताना वाहणारा. पिन ८ (कॅथोड) आणि चासी यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर घातला की त्यावरचा प्रत्येक मिलीव्होल्ट म्हणजे एक मिलीअँप. ही मोजणी सिरीज बोर्ड काढून, सरळ लाइटवर करायची, कारण बल्बमुळे आतलं व्होल्टेज कमी दिसतं. ईएल३४ चा अ‍ॅनोड २५ वॉट सोसतो. ७० टक्के धरले तर १७.५ वॉट, आणि ४५० व्होल्टला भागले की ३९ मिलीअँपच्या आत राहायचं. आपल्याकडे रात्री लाइट चढते, म्हणून ३२-३३ वर ठेवलेलं शहाणपणाचं. आवाजात फरक सांगणारा कान फार थोड्यांना असतो.

तासाभराने, किंवा फक्त जोरात वाजवताना

तापल्यावर उडणारा फ्यूज चिडवतो, कारण टेबलावर सगळं ठीक दिसतं. इथे गळके कपलिंग कपॅसिटर, गॅस झालेले व्हॉल्व्ह आणि म्हातारे फिल्टर कपॅसिटर, असे तिघे संशयित. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश उष्णतेला साधारण निम्मं होतं. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते, चासीच्या आत काय असेल ते समजून घ्या. दहा-पंधरा वर्षांचे कपॅसिटर फुगलेले नसले तरी बदलून टाकावेत. दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतील तर त्यांच्यावरचे २२० किलोओहमचे समतोल रेझिस्टर मोजा. एक तुटला की व्होल्टेजची वाटणी बिघडते आणि एक कपॅसिटर झेपेपेक्षा जास्त सोसतो. ३५० व्होल्टच्या कपॅसिटरवर ३९० दिसले तर दुसरं काही शोधायला नको. वर्षानुवर्षं पेटीत पडून असलेला अँप्लिफायर एकदम पूर्ण लाइटवर लावू नका. सिरीज बोर्डावर तासभर हळूहळू तापू द्या, म्हणजे कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा पापुद्रा पुन्हा तयार होतो.

फक्त जोरात वाजवताना उडत असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरची जोडणी. सेंटर टॅपपासून (प्रायमरीच्या मधल्या वायरीपासून) दोन्ही टोकांचा रोध मोजा. दोन बाजूंत दहा-पंधरा टक्के फरक असतोच, कारण बाहेरच्या थराच्या वेढ्याला तार जास्त लागते. एका बाजूला निम्मा आला तर मात्र तो जळाला. ८ ओहमच्या खाचेत ४ ओहमचा स्पीकर लावलेला नाही ना, हेही पाहून घ्या. ऑर्केस्ट्राच्या धावपळीत हे सर्रास होतं.

सगळं तपासून काहीच सापडलं नाही, करंट नेमका आहे, आणि तरी महिन्या-दोन महिन्यांनी स्वच्छ काचेचा फ्यूज तुटलेला मिळतो, तर तो चालू करतानाच्या झटक्यांनी थकतो आहे. विशेषतः गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असेल तर. मेन्सच्या फेज वायरमध्ये, बटणाच्या पुढे, १० ओहमचा एनटीसी थर्मिस्टर सिरीजमध्ये घाला. थंड असताना तो झटका अडवतो आणि तापला की वाटेतून बाजूला होतो. चालू असताना तो हात भाजेल इतका गरम राहतो, म्हणून त्याचे पाय लांब ठेवा आणि कोणतीही वायर त्याला टेकू देऊ नका. अँप्लिफायर बंद करून लगेच पुन्हा चालू केला तर तो अजून तापलेलाच असतो आणि झटका अडवत नाही, तेव्हा मधे मिनिटभर जाऊ द्या. झाकण लावण्याआधी योग्य फ्यूजचा आकडा आणि टी हे अक्षर मार्करने होल्डरच्या शेजारी ठळक लिहा, आणि तसेच दोन फ्यूज टेपने आतल्या लाकडाला चिकटवून ठेवा.